कोकणातल्या होमस्टेवाल्यांना खुलं पत्र: खोलीची चावी देताना समुद्राचंही सांगा

काशिदपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यालगत पाहुणे ठेवणाऱ्या सर्व दादा, वहिनी, काका, काकूंना

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीचं बुकिंग एव्हाना तुमच्याकडे भरत आलं असेल. ताम्हिणी, वरंधा, कुंभार्ली, आंबा, फोंडा, ज्याला जो जवळ त्या घाटाने आम्ही घाटावरची मंडळी खाली उतरणार. दोन-तीन कुटुंबं मिळून, पाच-सात पोरं घेऊन. गाडी अंगणात लागायच्या आत पोरं विचारणार, ‘समुद्र कुठाय?’ आणि तुम्ही हात करून दाखवणार, ‘हा काय, माडांच्या मागं. दोन मिनिटं चाललं की आलाच.’ त्या दोन मिनिटांच्या आधी काय बोलणं व्हायला हवं, त्यासाठी हे पत्र.

असं पत्र जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पर्यटन खात्याला लिहायची रीत आहे. तिकडेही लिहावंच. पण त्या वाटेने येऊन जाऊन काय येतं, तर फलक आणि मनाईचा हुकूम. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याच्या कॉलेजची १४ मुलंमुली बुडाली. मग शाळा-कॉलेजांच्या सहलींचे नियम, परवानग्या, पालकांची पत्रं यांवर खूप चर्चा झाली. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यांत लहान मुलं होती. लगेच जिल्ह्यातल्या धरणं-धबधब्यांवर मनाईचे आदेश निघाले. आदेश वाईट नव्हते. पण कुटुंबाच्या सहलीला मुख्याध्यापकाची परवानगी लागत नाही, सोबत शिक्षक नसतो, निघताना आणि परतताना कोणी डोकी मोजत नाही. पाण्यात उतरण्याआधी या कुटुंबाला भेटणारं आणि ते पाणी ओळखणारं माणूस एकच असतं, ते म्हणजे तुम्ही. जेवणात सुरमई हवी की पापलेट, सोलकढी तिखट चालेल का, हे तुम्ही आवर्जून विचारता. भरती किती वाजता आहे हे मात्र आम्ही विचारत नाही आणि तुम्ही सांगत नाही.

आम्हाला समुद्र कळत नाही, हे आधी मान्य करून टाकते. घाटावरच्या पोरांसाठी पाणी म्हणजे मामाच्या गावची विहीर, कॅनॉल, नाहीतर सोसायटीचा स्विमिंग टँक. हे पाणी जागच्या जागी असतं किंवा एकाच दिशेने वाहतं. टँकमध्ये वीस फेऱ्या मारणारा बाप किनाऱ्यावर सगळ्यांत धोक्याचा, कारण त्याला भरवसा असतो. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहिलं की परतणारी लाट पायाखालची वाळू काढून नेते, हे मोठ्यांना गंमत वाटतं. तेच घोट्याचं पाणी चार वर्षांच्या पोराच्या गुडघ्याशी असतं. ते पडलं की पुढच्या लाटेपर्यंत उठायला त्याच्याकडे वेळ नसतो.

तुमच्याकडे मात्र याचं अख्खं शास्त्र आहे, तेही तोंडपाठ. तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ निघते, असं तुमच्या घरातली म्हातारी माणसं अंगणात बसल्या बसल्या सांगतात. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती, रात्री पुन्हा तीनला. नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होईल, पण हा हिशेब दिनदर्शिकेवरच्या तिथीवरून कुणालाही करता येतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सौम्य भरती, हेही तुम्हीच सांगता. आता संकष्टीला गणपतीपुळ्याला येणारी गर्दी डोळ्यांपुढे आणा. दर्शन, प्रसाद, जेवण उरकून कुटुंबं पाण्याकडे वळतात ती चार-पाचला. तेव्हा पाणी मागं सरायला लागलेलं असतं. आम्हाला वाटतं, वा, पाणी ओसरतंय, किनारा मोकळा होतोय, पोरांना आत न्यायला आता हरकत नाही. मागं सरणारं पाणी सोबत ओढतं, हे तुमच्या नातवाला कळतं. आमच्या इंजिनिअर जावयाला कळत नाही.

आणि सगळीकडे सारखी ओढ नसते, हेही तुम्हालाच ठाऊक. किनाऱ्यावर उभं राहिलं की दोन्हीकडे लाटा फुटताना दिसतात आणि मध्येच एक पट्टा शांत, किंचित गडद, जणू पोहायलाच ठेवलेला. नवख्या माणसाचे पाय नेमके तिकडे वळतात. किनाऱ्यावर चढलेलं पाणी त्याच वाटेने आत परत जात असतं, म्हणून तिथे लाट फुटत नाही. तो पट्टा सरळ आत नेतो. त्यात सापडलेल्याने किनाऱ्याच्या दिशेने झगडलं तर दम संपतो. अंग सोडून तरंगत राहायचं, हात वर करायचा, जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडायचं आणि मग लाटांसोबत परत यायचं. हे मोठ्यांसाठी झालं. सात वर्षांच्या मुलाला यातलं काही जमणार नाही. त्याच्यासाठी एकच उपाय, त्या पट्ट्याजवळ त्याला न नेणं. खाडीच्या तोंडाशी तर ओहोटीला पाणी धावतच असतं, आणि फोटोला सगळ्यांत देखणी जागाही तीच. गावातला पट्टा वाळू हलली की दरवर्षी जागा बदलतो. यंदा तो शाळेसमोर आहे की स्मशानाजवळ, हे कोणत्या अ‍ॅपवर सापडणार? तुमच्या शेजारचा रापण, म्हणजे किनाऱ्यावरून मासळीचं जाळं, ओढणारा सांगेल, किंवा तुम्ही.

गोव्यात २००८पासून सरकारने नेमलेले जीवरक्षक किनाऱ्यांवर उभे असतात. लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मधल्या भागात पोहायचं, नुसता लाल झेंडा दिसला तर पाण्यात जायचं नाही, हे तिथे जाणाऱ्या मराठी माणसालाही आता माहीत झालंय. आपल्या शेकडो किलोमीटरच्या किनाऱ्यावर जीवरक्षक मोजक्या ठिकाणी दिसतात. बाकी ठिकाणी ‘समुद्र धोकादायक आहे’ असं लिहिलेला, खाऱ्या वाऱ्याने अर्धा गंजलेला पत्रा. समुद्र धोकादायक आहे यात माहिती काय आहे? कुठे, किती वाजता, कोणासाठी, हे त्या पत्र्यावर नसतं. ते तुमच्या तोंडी असतं.

तुमचं म्हणणं मला ऐकू येतंय. ‘ताई, पाहुणे ऐकतात कुठे?’ नाही ऐकत. काही तर दुपारीच बाटली उघडून बसलेले असतात, आणि त्यांना पाण्यात जाऊ नका म्हटलं की ‘पैसे मोजलेत आम्ही’ हे उत्तर तयार. शिवाय आल्या आल्या बुडण्याच्या गोष्टी सांगितल्या तर गिऱ्हाईक शेजारच्या गावात जाईल, ही भीतीही खोटी नाही. पण धाक घाला असं मी म्हणतच नाही. चावी देताना, चहाचा कप हातात ठेवताना, गप्पांच्या ओघात एवढंच सांगा: ‘आज पाणी साडेचारपर्यंत बरं आहे, त्यानंतर ओढ लागते. पोरांना देवळासमोर खेळवा, त्या खडपाकडे नको.’ ही धमकी वाटत नाही, हा पाहुणचार वाटतो. बाप ऐकणार नाही कदाचित. आई ऐकेल, आजी तर ऐकेलच, आणि साडेचारला पोरांना हाक मारायला तिच्याकडे कारण असेल. दारू प्यायलेल्याने पोराचा हात धरून पाण्यात उतरायचं नाही, एवढं मात्र स्पष्ट सांगायची हिंमत धरा. यजमान म्हणून तो अधिकार तुम्हाला आहे, आणि असं बोलणाऱ्या घराला आमच्यातल्या बायका पुढच्या वर्षी पुन्हा फोन करतात.

दुसरी एक विनंती. मंडळी निघाली की पायरीवरून एकच प्रश्न टाका: ‘पोरांवर लक्ष कुणाचं?’ आमच्याकडे दहा मोठी माणसं असतात, म्हणजे प्रत्यक्षात एकही नसतं. आत्याला वाटतं काका बघतोय, काकाला वाटतं आई आहेच, आणि आई सगळ्यांच्या चपला, मोबाइल, टॉवेल राखत बसलेली. तुमच्या प्रश्नाने उत्तर द्यावं लागतं, मग नाव ठरतं. अर्धा तास एकाने, मग दुसऱ्याने, हातात मोबाइल न घेता. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं ओरडत नाही, हात हलवत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर, मान मागं, आवाज नाही. ज्याला श्वास मिळत नाही तो हाक कशी मारणार? पाच पावलांवर उभ्या असलेल्यालाही कळत नाही. म्हणून नुसतं ‘लक्ष आहे’ पुरत नाही, लहान मूल हाताच्या अंतरावरच हवं.

कुणी ओढीत सापडलंच तर त्याच्यामागे एकेक जण उड्या टाकतो आणि एकाचे तिघं होतात. तुमच्याकडे पाच लिटरचे रिकामे कॅन पडलेले असतात. त्यातल्या एकात थोडं पाणी घालून बूच घट्ट लावा, म्हणजे बुडणाऱ्याला धरायला तो नीट फेकता येईल, आणि कानाला लांब दोरी बांधा. पाण्याकडे जाणाऱ्या वाटेवर खुंटीला टांगून ठेवा. बाहेर काढलेल्या मुलाला उलटं टांगून गरगर फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं हे अजूनही चालतं. ते थांबवा. श्वास बंद असेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छाती दाबायची, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत दोन्ही आलटून पालटून चालू ठेवायचं. तालुक्याच्या डॉक्टरांना बोलावून एका दुपारी सगळ्या होमस्टेवाल्यांनी हे पुतळ्यावर शिकून घेतलं तर त्या दुपारचा चहा माझ्याकडून.

समुद्राबद्दल इतकं लिहिलं, पण तुमच्या आवारातही पाणी आहे. मासळीचं जेवण झालं की आम्ही मोठे आडवे होतो. कोकणात येऊन वामकुक्षी नाही केली तर पाप लागतं, अशी आमची श्रद्धा. पोरं मात्र जागी असतात, आणि अडीच ते चार हा वेळ ती एकटी असतात. आगरातली विहीर, गुडघ्याएवढ्या कठड्याची. सुपारीला पाणी द्यायचा हौद. सेप्टिक टँकचं हललेलं झाकण. अलीकडे बऱ्याच जणांनी मागच्या अंगणात छोटा निळा पूलही बांधलाय, फोटोत छान दिसतो म्हणून. त्याला कुंपण आणि कडी लावलेलं फाटक असलेलं मी फार कमी ठिकाणी पाहिलंय. तुमची पोरं त्या विहिरीजवळ वाढली, तिचा दरारा त्यांना आहे. आमच्या पोरांना रहाट दिसला की तो फिरवून बघायचा असतो. विहिरीवर लोखंडी जाळी आणि पूलला फाटक, हा खर्च एसीच्या आधी करा. काजूचा हंगाम असेल तर ओल्या बिया दाताने फोडू नका, हेही पोरांना दटावून सांगा. त्या चिकाने ओठ भाजलेलं पोर पूर्ण सुट्टी रडतं.

आता रात्रीचं. दोन खोल्यांत अकरा माणसं, म्हणून तुम्ही जादा गाद्या खाली घालता, आणि खाली कोण झोपतं? पोरं. मण्यार हा विषारी साप रात्री फिरतो, घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो. चावल्याचं दुखतही नाही फारसं, खूण सापडत नाही. पहाटे मूल पोटात दुखतंय म्हणून उठतं, पापण्या जड झालेल्या असतात, गिळता येत नाही. सगळे म्हणतात, काल कोळंबी जास्त झाली. तेवढ्यात वेळ जातो. पोरांना खाटेवर झोपवा, मोठे खाली. खाटा नसतील तर मच्छरदाणी द्या आणि ती चारी बाजूंनी गादीखाली खोचून घ्यायला सांगा. कातळावर आणि गवतात फुरसं हा छोटा विषारी साप असतो, रत्नागिरी-सिंधुदुर्गात तर भरपूर, तेव्हा संध्याकाळी अनवाणी हिंडणं नको. दंश झालाच तर दोरी आवळू नका, ब्लेड लावू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारी लस सरकारी रुग्णालयात मिळते.

विंचवाचं तर कोकणाने जगाला शिकवलंय. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशाने दगावणारी माणसं पाहिली आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी त्यावर उतारा ठरते हे दाखवून दिलं. २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हा विंचू लहान मुलांच्या सगळ्यांत जास्त जिवावर उठतो. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं, ही लक्षणं दिसली की ‘विंचू उतरवणारा’ बोलावण्यात एक मिनिटही घालवायचं नाही. जांभ्याच्या चिऱ्यांच्या फटी, लाकडांची रास, बाहेर काढून ठेवलेले बूट, इथे तो बसतो. सकाळी बूट झटकून घाला, हे पाहुण्यांना सांगायला किती शब्द लागतात?

१०८ला फोन केला की रुग्णवाहिका येते, ११२ला पोलीस, हे आम्हाला माहीत आहे. माहीत नसतं ते दुसरंच: कुठल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री खरोखर डॉक्टर असतात, सर्पदंशाची लस आज कुठे शिल्लक आहे, ग्रामीण रुग्णालयाकडे जाताना कुठला रस्ता खचलाय, आणि गावात मोबाइलला रेंज कुठे उभं राहिलं की येते. ही माहिती वायफायच्या पासवर्डखाली एका कागदावर हाताने लिहून भिंतीला लावा. दर हंगामाला तपासा. छापील चकचकीत फलकापेक्षा तो कागद मोलाचा.

बोटींचा धंदा तुमचा नसला तरी पाहुणे तुमच्या शब्दावर बोटीत बसतात. ‘आमच्या भावाचीच बोट आहे’ म्हणून तुम्ही पाठवता. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटली, दोघांचा जीव गेला. १८ डिसेंबर २०२४ रोजी एलिफंटाला निघालेल्या फेरीबोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, तेव्हा बहुतेकांच्या अंगात लाइफ जाकीट नव्हतं. त्यानंतर जाकिटाची सक्ती झाली. पण कोणत्या मापाचं जाकीट? मोठ्यांचं जाकीट सहा वर्षांच्या मुलाला अडकवलं तर पाण्यात पडताच ते वर सरकतं, कानांपर्यंत येतं आणि मूल खालून निसटतं. मुलाच्या वजनाला बसणारं, मांड्यांमधून पट्टा असलेलं जाकीट हवं. खांदे धरून वर ओढलं आणि ते हनुवटीच्या वर गेलं, तर ते जाकीट नाही, नुसती शोभा. भावाला सांगा, लहान मापाची सहा जाकिटं घेतल्याशिवाय मी पोरं पाठवणार नाही. तुमचं तो ऐकेल. आमचं ऐकत नाही, ‘काही होत नाही ताई’ म्हणतो.

रस्त्यावरची जबाबदारी आमची. मांडीवर पोर घेऊन पुढच्या सीटवर बसणं, सनरूफमधून डोकं बाहेर काढणं, याला तुम्ही काय करणार. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर चालकाला हजार रुपये दंड, हे २०१९च्या दुरुस्तीपासून कायद्यात आहे. तो कायदा पाळणं आमचं काम. फक्त वाळूत गाड्या घालून गोल गोल फिरवणाऱ्या आमच्या शूरवीरांना तुमच्या गावाने अडवावं. त्याच वाळूत पोरं किल्ले करत बसलेली असतात.

हे सगळं तुमच्यावर ढकलतेय असं वाटेल. पोरं आमची, जबाबदारी आमची, त्यात वाद नाही. माझं मागणं ज्ञानाचं आहे, राखणीचं नाही. आणि ज्ञान फुकट द्या असंही नाही. खोलीमागे दोनशे रुपये जास्त लावा आणि त्यातून विहिरीची जाळी, मच्छरदाण्या, लहान जाकिटं घ्या. गावातल्या दहा घरांनी मिळून हंगामाच्या दोन-तीन महिन्यांपुरता एक पोहणारा पोरगा किनाऱ्यावर बसवला, शिट्टी आणि दोरी देऊन, तर आम्ही त्याचे पैसे बिलात आनंदाने भरू. ग्रामपंचायत पार्किंगचे आणि स्वच्छतेचे पैसे घेतेच. त्या पावतीच्या मागे आजची भरती-ओहोटीची वेळ छापायला काय हरकत आहे?

यंदा फोन करीन तेव्हा एसी आहे का, गरम पाणी आहे का, हे नंतर विचारीन. आधी विचारीन, विहिरीला जाळी आहे का, आणि आम्ही येतो त्या दिवशी भरती किती वाजता. उत्तर तयार ठेवा. माझ्यासारख्या आणखी चार जणी हेच विचारणार आहेत, आमचं तसं ठरलंय.

कळावे, लोभ असावा.

आपली,
घाटावरून दरवर्षी येणारी एक पाहुणी